भुईनिमबद्दल दोन वाक्यं

हे लिहायला घेतल्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पानभर लिहिलेलं नाही. बाबा चौथीपर्यंत शिकले. माय फक्त सही करते, तीही पेन दाबून, एकेक अक्षर कोरल्यासारखी. माणसाबद्दल लिहिताना त्याचं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहायचं ते सर असे, की हा कागद त्यांच्या हाती पडला तर लाल पेनाने निम्मी विशेषणं काढून टाकतील. म्हणून मीच कमी वापरतो.

सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. तालुक्याच्या गावातल्या आमच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास, तेवढ्यापुरते प्राध्यापक. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कोणीच नसायचे. यंदा कायम जागा निघणार, असं दर जूनमध्ये कानावर यायचं आणि दिवाळीपर्यंत विरून जायचं. अशी अकरा वर्षं गेली होती.

त्यांना कोणी “कसे आहात सर?” असं विचारलं, की ते विचारायचे, “कोणापेक्षा?” हा विनोद नसायचा. विचारणारा गोंधळला की ते शांतपणे वाट बघत उभे राहायचे. कॉलेजच्या फाटकापाशी चहाच्या दोन टपऱ्या होत्या. सरांनी महिनाभर एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे असा चहा घेतला आणि शेवटी दोन्ही टपरीवाल्यांना सांगितलं, “फरक कळत नाही.” ते दोघं एकमेकांशी बोलत नसत. त्या दिवशी पहिल्यांदा बोलले, सरांबद्दल. आमच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकून सर नवरदेवाला म्हणाले, “सुखी होण्याची शक्यता चांगली आहे.” शिपायाने पुढे कितीतरी दिवस त्यांच्या टेबलावर पाणी ठेवलं नाही.

वर्गात त्यांच्यासमोर एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. तो शब्द ‘गुण’. औषधाने गुण आला, असं कोणी म्हणालं की ते विचारायचे, “कितीपैकी?” आपल्या भाषेत परीक्षेतले ते गुण आणि औषधाचाही तो गुणच. पण परीक्षेतले गुण कोणीतरी तपासून देतो, औषधाचे आपण आपल्याच हाताने देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी पहिल्याच आठवड्यात सापडलो. आमच्याकडे ताप आला की माय भुईनिमचा काढा देते आणि तीन-चार दिवसांत गुण येतो, असं मी सांगितलं होतं. सर वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, पण खरा प्रश्न विचारायचा असला की आमच्या बोलीत उतरायचे.

“अन् ज्यायनं नाही पेलं, त्यायचं का झालं?”

मी म्हणालो, “तेही बरे झाले, सर.”

“किती दिवसात?”

मला माहीत नव्हतं. न पिणाऱ्यांकडे आमच्या घरात कोणी लक्षच दिलं नव्हतं. सर म्हणाले, “बस. आज तू एक चांगली गोष्ट बोललास. माहीत नाही म्हणालास.” मी तसं म्हणालो नव्हतो, नुसता गप्प उभा होतो. पण एवढं कौतुक मला शाळेतही मिळालं नव्हतं, म्हणून मी ते घेतलं.

भुईनिम म्हणजे हातभर उंचीचं रोप. आंबागडच्या डोंगराखाली पावसाळ्यात उगवतं, आणि त्याचं एक पान चघळलं तर दुपारच्या जेवणापर्यंत तोंड कडू राहतं. कोणी त्याला किरायत म्हणतं, कोणी चिरायता; आणि याच नावांनी दुसऱ्या गावात दुसरंच रोप निघतं. सरांचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. नव्या वसाहतीला नाव जुनंच आहे. ते म्हणायचे, “नाव तेच आहे म्हणून वस्तू तीच आहे, असं धरून चालू नये.”

या रोपातला कडूपणा ज्याचा, त्या द्रव्याचं नाव अँड्रोग्राफोलाइड. वाळलेली पानं अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून, आटवून सरांनी आमच्याकडून त्याचे स्फटिक काढून घेतले होते. पांढरे, बारीक, जेमतेम नखावर मावतील एवढे. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, “हे आहे. एवढंच सिद्ध झालं. काय करतं, ते वेगळं.”

काय करतं, याचे जमतील तेवढे लेख त्यांनी वाचले होते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर फ्लूचा विषाणू याने मंदावतो, असं दिसलेलं. उंदरांवर थोडं दिसलेलं. माणसांवरचे अभ्यास बहुतेक साध्या सर्दी-खोकल्याचे. त्यात काहींना लवकर आराम पडल्यासारखा वाटला. पण अभ्यास लहान, काहींत तुलनेला कोणी नाही, काही विकणाऱ्यांनीच केलेले. आणि खऱ्या, तपासून ठरवलेल्या इन्फ्लुएंझावर तर हाताला लागेल असं फारच थोडं. हे सगळं सांगून ते म्हणायचे, “थोडक्यात, माहीत नाही.” लोक मुलाला नोकरी लागल्याचं ज्या सुरात सांगतात, त्या सुरात ते ‘माहीत नाही’ म्हणायचे.

हे माहीत व्हावं म्हणून त्यांनी एक आराखडा लिहिला होता. सरकारी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, परवानगी घेऊन, फ्लूची चाचणी झालेल्या माणसांना नेहमीच्या उपचारासोबत निम्म्यांना भुईनिमची पूड आणि निम्म्यांना दिसायला तशीच दुसरी पूड द्यायची. कोणाला कोणती, हे देणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. अडचण दुसऱ्या पुडीची होती. ती कडू हवी, नाहीतर जिभेलाच कळेल. पण औषध नको. बाहेरून कडू रसायन मागवता आलं असतं, पण सरांच्या मते आमच्या भागातली जीभ भुईनिमचा कडूपणा ओळखायला चुकत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मला काम दिलं. भुईनिमसारखीच कडू असेल आणि कोणीही औषध म्हणून घेत नसेल, अशी एक वनस्पती शोधून आण.

मी ते फार मनावर घेतलं. वही घेऊन गावोगाव फिरलो. कडुनिंब खरजेला, कारलं साखरेला, गुळवेल तापाला, मेथी कंबरेला. जे तोंडात धरवत नाही, ते नक्की कोणत्या तरी दुखण्यावर चालत होतं. जेवढं कडू तेवढं मोठं दुखणं. शेवटी जूनमध्ये मायसोबत परे, म्हणजे धानाच्या रोपांचं बी, टाकायला आलेल्या बाया शेताच्या पाळीवर भाकर खात बसल्या होत्या, तिथे मी विचारलं.

एक म्हातारी म्हणाली, “कडू हाये अन् कायच्याच कामाचं नाही, असं एकच हाये बापा या गावात.”

मी पेन सरसावला. “कोणतं, आजी?”

“माया नवरा.”

बाया इतक्या हसल्या की मायनं तोंडाला पदर लावला. मी ते सरांना सांगू की नको या विचारात होतो, पण सांगितलं. सरांनी वहीत ‘तपासण्याची सोय नाही’ असा शेरा लिहिला. आराखडा पुढे गेला नाही. त्यावर कुठल्या तरी टेबलावर शेरा पडला होता, की परंपरेने सिद्ध झालेल्या गोष्टीवर खर्च करण्याचं कारण दिसत नाही.

मग त्या वर्षी पावसाळा सरता सरता तापाची साथ आली. सिहोऱ्याकडच्या आमच्या गावांत घरटी एक माणूस अंथरुणावर होतं. विचारलं की एकच उत्तर, “व्हायरल हाये.” आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे एक सदस्य जडीबुटीचे व्यापारी होते, सगळे त्यांना सेठ म्हणत. माय डोंगराखालून कापून आणायची ती भुईनिम त्यांच्याच गोदामात जायची. त्यांनी पूड करून पुडे भरले आणि एक दिवस प्राचार्यांच्या खोलीत सरांना बोलावलं. मी प्रॅक्टिकलच्या वह्या घेऊन सरांच्या मागे होतो, मला कोणी बाहेर जा म्हटलं नाही.

सेठ म्हणाले, “सर, लोकं त पिऊनच राहिले. तुमी फक्त कॉलेजच्या कागदावर लिहून द्या, का फ्लूवर फायदा होते.”

“अन् ज्यायनं नाही पेलं त्यायचं?”

“ज्यायनं नाही पेलं ते आपले गिऱ्हाईक नाहीत ना, सर.”

प्राचार्य मध्ये पडले. ते वाईट माणूस नव्हते. “या वर्षी जागा खरंच निघाली आहे,” ते सरांना म्हणाले. “पुढच्या महिन्यात मुलाखती. सेठ निवड समितीवर आहेत. मी काही सुचवत नाही. नुसतं सांगतो.”

सरांनी नमुना मागून घेतला, चार दिवस तपासला आणि पत्र दिलं. त्यात रसायनाची एक ओळ होती, नमुन्यात अँड्रोग्राफोलाइड आढळले. त्याखाली दोन वाक्यं. ‘त्याने माणसातील इन्फ्लुएंझा बरा होतो असा पुरेसा पुरावा आज उपलब्ध नाही. बरा होत नाही असाही पुरेसा पुरावा नाही.’

मी विचारलं, “सर, दुसरं वाक्य कायले लिहिलं? पहिलं पुरे होतं.”

“पहिलंच लिहिलं असतं तर भुईनिमवर अन्याय झाला असता,” सर म्हणाले.

सेठनी पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि सरांचे आभार मानले. आम्हाला वाटलं, जागा गेली. तर पंधरा दिवसांत नवे पुडे बाजारात आले. त्यावर कॉलेजचा फोटो आणि खाली ठळक अक्षरात, ‘प्रयोगशाळेचा निर्वाळा : अँड्रोग्राफोलाइड आढळले. इन्फ्लुएंझा बरा होत नाही असा पुरावा नाही.’

सरांनी पुडा हातात धरून बराच वेळ पाहिला. “‘असाही’मधला ‘ही’ काढला,” ते म्हणाले. “आणि ‘पुरेसा’.” पहिलं वाक्य पूर्ण गेलं होतं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. चोराने दार उघडून सगळं नेलं आणि माणूस उंबऱ्यावरच्या चपला मोजतोय, असं मला वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सर लाल पेन घेऊन सिहोऱ्याला गेले. मीही गेलो. एकेका दुकानासमोर उभं राहून ते दुकानदाराच्या परवानगीने पुड्यांवर आपलं गाळलेलं वाक्य हाताने लिहायचे, ‘बरा होतो असा पुरेसा पुरावा नाही’, आणि खाली सही. दुकानदार हसून हो म्हणायचे. आधी मला त्यांच्या हसण्याचा अर्थ कळला नाही. तिसऱ्या दुकानापाशी एक बाई रांगेतून पुढे आली.

“सर, माया पुड्यावर बी लिहून द्या ना.”

“मी काय लिहितो आहे ते आधी वाचून पाहा.”

“वाचता येत असतं त तुमाले कायले म्हटलं असतं?”

दुपारपर्यंत लाल अक्षराचे पुडे संपले आणि कोरे शिल्लक राहिले. लोक दुकानात येऊन “सरच्या सहीचा” मागत होते. सेठचा माणूस निरोप घेऊन आला, “सेठ म्हणते, उद्या तुमसरले बी बाजार हाये.” सरांनी पेनाला टोपण लावलं. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत होते. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, “सर, निदान काही लोकांनी तरी वाचलं असेल.” त्यांनी ‘किती’ असं विचारलं नाही.

त्यानंतर आठवड्याने माझी माय आजारी पडली. ताप, अंगदुखी, खोकला. मी दोन दिवस तिच्यापाशी थांबलो, तिसऱ्या दिवशी सर घरी आले. प्रॅक्टिकलला मी नाही, म्हणून विचारायला. त्यांनी अंगणातूनच “जयभीम” केला आणि आत आले. मायकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिचे श्वास मोजले. मग पुन्हा मोजले.

“माय, आता दवाखान्यात जाऊ. गाडी पाहतो मी.”

“नोको, सर. काल त उतरला होता. दवाई चालू हाये ना.” तिने उशाखालून पुडा काढला. “तुमचंच अक्षर हाये याच्यावर.”

लाल अक्षर होतं. मी घरात असून मला पुडा दिसला नव्हता. तिने तो शेजारणीकडून आणवला होता. सरांनी तो हातात घेतला आणि तिला वाचून दाखवला. पहिलं वाक्य, मग सही.

“माय, याचा भरोसा करू नोका, असं लिहिलं आहे मी याच्यावर.”

माय धापा टाकत त्यांच्याकडे पाहत राहिली. “औषधाच्या पुड्यावर असं कोन लिहिते, सर?”

सर पुडा ठेवून उठले. गाडी त्यांनीच आणली. दवाखान्यात घशाचा नमुना घेतला, इन्फ्लुएंझाच निघाला, आणि तो छातीत उतरला होता. तिला नळीने ऑक्सिजन लावला, गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरीण बाई मला म्हणाल्या, “एक दिवस उशिरा आणली असती तर मी काही सांगू शकले नसते.” नऊ दिवसांनी माय घरी आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची, “दवाखान्यात नेईपर्यंत सरच्या पुड्यानंच धरून ठेवलं मले. गुण आला.” एकदा सर समोर बसले असतानाही म्हणाली. मी खाली मान घातली. सरांनी तिला विचारलं, भात जातो का.

दुसऱ्या दिवशी त्यांनी औषध खात्याला तक्रार लिहिली. ती थेट टपालात टाकली नाही. नोकरदार माणसाने योग्य मार्गाने पाठवावी म्हणून प्राचार्यांमार्फत दिली. मुलाखत चार दिवसांवर होती. प्राचार्यांनी मला बोलावलं. “तुझं ऐकतील,” ते म्हणाले. “पाठवू नका असं नाही म्हणत मी. पाच दिवसांनी पाठवा, एवढंच सांग.”

मी गेलो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण गेलो, आणि मला तेव्हा ते सरांच्या भल्याचंच वाटत होतं. सर प्रयोगशाळेत ब्युरेट धूत होते.

“सर, अकरा वर्षं झाली. पाच दिवसानं का बिघडते?”

“तुया मायले आता किती चालता येते?”

“अंगणापर्यंत.”

“बाजारात ते पुडे आजबी आहेत ना?”

“आहेत, सर.”

“मंग पाच दिवस कोनाच्या मायच्या नावानं मोजू, ते सांग.”

मी परत येऊन प्राचार्यांना सांगितलं, ऐकत नाहीत. त्यांनी तक्रारीवर शिक्का मारून ती पाठवली. हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे.

मुलाखतीत काय झालं ते मला ऐकूनच माहीत आहे. सेठनी म्हणे हसत विचारलं, पत्र तुमचंच ना, आणि सर म्हणाले, “निम्मं.” सूचना फलकावर यादी लागली, तेव्हा तिच्यावर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. पुढच्या जूनमध्ये सरांना तासही मिळाले नाहीत. त्यांनी निरोपाचं भाषण केलं नाही, कारण कायम नसलेल्या माणसाला निरोप देण्याची पद्धत नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात आमच्या स्फटिकांची बाटली राहिली होती. तिच्यावर त्यांच्या हाताने द्रव्याचं नाव, तारीख आणि आम्हा मुलांची नावं होती. त्यांचं नव्हतं.

मी पुढे एमएस्सीसाठी नागपूरला आलो. मायच्या भाषेत, मोठ्या कॉलेजात. सरांचा फोन नंबर होता, पण काय सांगायचं हे कळत नव्हतं, म्हणून लावला नाही. खात्याकडून तक्रारीचं काय झालं, हे कोणालाच माहीत नव्हतं. पुडे चालूच होते.

या दिवाळीला घरी गेलो, तेव्हा सिहोऱ्याच्या बाजारात मायसोबत फिरताना एका दुकानात नवा पुडा दिसला. कॉलेजचा फोटो नव्हता. ठळक निर्वाळा नव्हता. मागच्या बाजूला, वजन आणि पत्त्याच्या वर, बारीक अक्षरांत काही ओळी होत्या. मी त्या वाचल्या, दुकानदाराला विचारलं, हे केव्हापासून?

“झाले दोन महिने. औषधाच्या हापिसातले लोकं आले होते म्हणे. सांगून गेले, छापाचं असन त पुरं छापा, नाही त छापूच नोका.” मग तो म्हणाला, “खपाले काही फरक नाही पडला. घेतं का एक?”

मी घेतला. बाजाराच्या कडेला, सायकली लावतात तिथे उभं राहून सरांना फोन लावला. ते आता त्यांच्या वसाहतीजवळच्या एका खाजगी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतात, एवढं मला कळलं होतं. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. बहुधा दिवाळीच्या सुट्टीतला जादा वर्ग असावा. मी नाव सांगितलं. त्यांनी आधी मायची तब्येत विचारली. मग मी सांगितलं, की सर, पुड्यावर आता तुमचं पूर्ण छापलं आहे.



“दोन्ही वाक्यं?”

“दोन्ही, सर.”

“कोणतं आधी आहे?”

मी पुडा उन्हात धरून दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. ‘बरा होतो असा पुरेसा पुरावा आज उपलब्ध नाही’, हे आधी होतं.

सर म्हणाले, “थांब. पुन्हा वाच. हळू वाच, म्हणजे मागच्या बाकापर्यंत जाईल.” त्यांनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि तिकडचा गलका थांबला.